पिठल्याची खाज

पिठल्या मान खाजवायला लागला की आक्काताईंच्या हातातली सुई थांबायची. मागचा पाय कानामागं घालून तो असा खरडायचा, जणू अंगातलं काहीतरी उपटून बाहेर फेकायचंय. मग खपली निघायची, फरशीवर रक्ताचा ठिपका पडायचा आणि आक्काताई ओलं फडकं घेऊन गुडघ्यावर बसायच्या. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या धुलाईखान्यात काढलेली ही बाई. लोकांचं रक्त, पू, बाळंतिणींची फडकी, सगळं भट्टीत उकळून पांढरंफेक करून दिलेलं. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते आठ महिन्यांत बंद पडलं. निवृत्तीच्याच दिवशी चादरींच्या पेटीत पिठल्यासारख्या रंगाचं मांजराचं एक पिल्लू सापडलं, ते मात्र पाच वर्षं घरात नांदत होतं.

२००४ च्या जानेवारीपासून पिठल्याची दशा झाली. आधी शेपटीच्या वरचे केस गेले, मग पोटाचे, मग मान सोलून निघाली. विहारामागची गल्ली छोटी, आणि सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. शेजारचे बाळासो गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल डब्यात घेऊन आले.

"आक्का, हे चोळ. आमच्या म्हशीची खरूज आठ दिवसांत गेलती."

"बाळासो, म्हस अंग चाटती का?"

"न्हाय."

"हे दिसभर चाटतंय. ह्ये ऑइल त्याच्या पोटात जाणार, आणि मग तू काय, सर्विसिंग करून देणार व्हय?"

बाळासो डबा घेऊन परत गेले. पण सगळेच सल्ले आक्काताईंना परतवता आले नाहीत. कुणी म्हणालं, सुकट उष्ण पडते, बंद कर. महिनाभर मांजर दहीभातावर काढलं. ते भिंतीकडं तोंड करून बसायचं आणि खाजवायचं. एका खासगी डॉक्टरानं टेबलावर न घेताच, पिशवीतल्या पिशवीत इंजेक्शन टोचलं. पंधरा दिवस पिठल्या राजासारखा झोपला. आक्काताईंनी त्या डॉक्टराच्या नावानं मनातल्या मनात पेढे वाटले. सोळाव्या दिवशी खाज दुप्पट होऊन परत आली. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा तेच. खाज का येते हे त्या माणसानं एकदाही विचारलं नाही. जनावराला बोलता येत नाही, याचा फायदा घेणारे लोक सगळ्या पेठांत आहेत.

घरात आणखी एक गोष्ट चालू होती. सूनबाई शिवानीला सातवा महिना लागला होता. तिच्या घोट्यांवर लाल पुरळ उठायचं. ती मलम लावायची, खाजवायची आणि गप्प बसायची, कारण सासूचा जीव मांजरात आहे हे तिला ठाऊक होतं. एप्रिलमध्ये ती बाळंतपणाला गडहिंग्लजला माहेरी गेली. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"आत्ती, हितं आल्यापास्नं पाय एकदम चांगलं झालं बघा."

ती सहज बोलली. पण आक्काताईंच्या शेजारीच फोनला कान लावून सूरज उभा होता. सूरज म्हणजे आक्काताईंचा एकुलता एक मुलगा, एसटीत कंडक्टर, चंदगड गाडीवर. दिवसभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणून ओरडून त्याचा आवाज घरातही तसाच राहिला होता.

"झालं आता! पटलं? मांजरानं लावलंय तिला. आई, ह्या घरात बाळ येणार हाय. रविवारी माझी सुट्टी. जोतिबाच्या डोंगरावर सोडून येतो ह्येला. दुकानं हायत, यात्रेकरू हायत, उपाशी मरायचा न्हाय."

"ह्या अंगानं? कुत्री फाडतील की रं त्याला."

"मग बाळाच्या अंगावर असलं उठलं तर चालंल तुला?"

सूरज दुष्ट नव्हता, हीच खरी अडचण होती.

म्हणून सोमवारी सकाळी त्या पिठल्याला भाजीच्या टोपलीत घालून, वर दुसरी टोपली पालथी बांधून, जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथं डॉ. स्नेहल म्हणून नवीन बाई आल्या होत्या. वय अठ्ठावीस-तीस, चंदगडकडच्या, बोलायला भडाभडा. त्यांनी पिठल्याला टेबलावर घेतलं. कान बघितले, खपली खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. "खरूज नाही," म्हणाल्या. "गजकर्णपण दिसत नाही." मग उवांची असते तसली बारीक फणी काढली आणि शेपटीच्या वर, जिथं थोडे केस उरले होते, तिथं फिरवली. फणीतून काळे कण पडले. ते त्यांनी पांढऱ्या कागदावर घेतले आणि वर पाण्याचा थेंब सोडला. कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरलं.

"बघा मावशी. हे मांजराचंच रक्त. पिसवा रक्त पितात आणि हे टाकतात. ह्याला पिसवांच्या थुंकीचं वावडं आहे. दुसऱ्या मांजराला शंभर चावल्या तरी काही होत नाही, ह्याला चार चावल्या तरी पेटतं अंग. तुमच्या घरात पिसवा आहेत."

आक्काताईंचे कान तापले.

"काय म्हणालासा?"

"घरात पिसवा. त्या आधी..."

"माझ्या घरात? माझ्या घरात येऊन जमिनीवरचं उचलून खावा तुम्ही! एकतीस वर्सं मी अख्ख्या कोल्हापूरची घाण धुतलोय, आणि माझ्या घरात पिसवा? केसपेपरवर गल्लीचं नाव वाचलासा, म्हणून सुचलं न्हवं तुमास्नी? ह्यांच्यात असायच्याच, असंच ना?"

बाहेर बाकावर शेळी घेऊन बसलेला माणूस आत डोकावला. डॉक्टर तोंड उघडून तशाच उभ्या राहिल्या. आक्काताईंनी पिठल्याला टोपलीत कोंबलं आणि निघाल्या. औषध घेतलं नाही.

लहानपणी गडहिंग्लजकडच्या खेड्यात शाळेत पहिल्या दिवशी पाटावर बसायला गेलेली आक्का. मास्तरांनी मुलींना सांगितलं, हिला लागून बसू नका, अंगावर पिसवा येतील. तिच्या आईनं त्या दिवशी पहाटे तिला राखेनं घासून न्हाऊ घातलं होतं. त्या मास्तरांचं नाव पुढं गावच्या शाळेला दिलं. असल्यांचीच नावं देतात. साठी ओलांडली तरी आक्काताई रोज दोनदा फरशी पुसत होत्या, ती त्या मास्तरासाठीच पुसत होत्या. हे त्यांना स्वतःलाही कधी कळलं नसतं, पण त्या सोमवारी घरी येताना रिक्षात कळलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. सूरजनं झाकणाचं खोकं आणून दाराशी ठेवलं. त्याला भोकंही पाडली.

गुरुवारी दुपारी दारात स्कूटी थांबली. डॉ. स्नेहल. हातात पिशवी, पायात चपला, आणि एवढ्या उन्हात गुडघ्यापर्यंत ओढलेले पांढरेशुभ्र मोजे.

"मावशी, शिव्या द्यायच्या असल्या तर नंतर द्या. आधी मला घरातून एक चक्कर मारू द्या."

आक्काताई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. ह्या पोरीला सरकारनं काही गल्लोगल्ली फिरायचा पगार दिला नव्हता. ती न येती तर कुणी तिला जाब विचारला नसता.

"या," त्या म्हणाल्या. "चपला असू द्या."

"नको. मोजेच पाहिजेत."

डॉक्टर स्वयंपाकघरात गेल्या, पाय घासत घासत. मोरीपाशी, कपाटापाशी. मोजे पांढरेच. बाहेरच्या खोलीत आल्या. टीव्हीखाली, दाराशी. काही नाही. आक्काताईंच्या तोंडावर हळूहळू जिंकल्याचं हसू यायला लागलं.

"बघितलासा न्हवं? आता चा घ्या."

"घेते. घरात कुणाच्या पायाला काही उठतं का? घोट्याच्या आसपास?"

आक्काताईंचं हसू थांबलं. "सूनबाईच्या. पण ती माहेरी गेली आणि गेलं सगळं."

"ती झोपायची कुठं?"

आतली खोली दाखवली. एक लोखंडी कॉट, भिंतीशी शिवणाचं सामान. निवृत्तीनंतर आक्काताई वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायच्या. लोक जुनी लुगडी, धोतरं गाठोड्यानं आणून टाकायचे. आक्काताई आधी सगळं उकळायच्या, वाळवायच्या, मगच सुई लावायच्या. असलं काम अख्ख्या गावात कुणी करत नव्हतं, म्हणून लांबून लांबून गाठोडी यायची.

डॉक्टर कॉटजवळ गेल्या, पाय कॉटखाली सरकवला, दोन-तीनदा जमिनीवर आपटला आणि बाहेर काढला. पांढऱ्या मोज्यावर काळे तिळासारखे ठिपके. एक उडाला.

"मावशी, कॉटखाली काय आहे?"

कॉटखाली पत्र्याची ट्रंक होती, आणि ट्रंकेवर एक गाठोडं. त्याला मधोमध खळगा पडलेला, पिवळ्या केसांनी भरलेला. पिठल्याची जागा.

आक्काताईंनी वाकून गाठोडं ओळखलं.

ते पाटलांचं गाठोडं होतं. दिवाळीनंतर रूपाली पाटील आली होती, हायस्कुलात शिकवणारी. तिची आई नुकतीच गेलेली. "आक्का, आईच्या लुगड्यांची वाकळ शिवून द्या," म्हणाली, "पण धुवू नका हां. तिचा वास राहू दे." गेलेल्या माणसाची वाकळ शिवताना काही बायका हे मागतातच. आक्काताईंना ते पटायचंही. सगळ्या जगाचे कपडे उकळणाऱ्या बाईनं तेवढी एक गोष्ट पाळली होती: मेलेल्या आईचा वास आपल्या हातानं घालवायचा नाही. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काम लांबलं. गाठोड्याची गाठसुद्धा त्यांनी सोडली नव्हती. वर मांजर झोपतंय ते बघून वाटायचं, झोपू दे, ऊब हाय.

"पिसवा कोशात बसून राहतात," डॉक्टर जमिनीवर मांडी घालून सांगत होत्या. "महिनोन्‌ महिने. वर कुणी ऊब घेऊन बसलं, हादरा बसला की बाहेर येतात. तुम्ही फरशी कितीही पुसा, त्या कापडात आहेत. मांजर चाटून चाटून स्वतःच्या अंगावरच्या खातं, म्हणून दिसत नाहीत."

"म्हणजे बाहेरनं आल्या?"

"बाहेरनंच आल्या. पण आतून आल्या असत्या तरी काय झालं असतं, मावशी? आजार तो आजार."

पिशवीतून त्यांनी एक बारकी नळी काढली आणि पिठल्याच्या मानेवर, जिथं त्याला चाटता येणार नाही तिथं, थेंब सोडले. सूरजनं आणून ठेवलेली किड्यांची पावडर खिडकीत दिसली, ती उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली. सूरजचा रविवारचा बेत आक्काताईंनी तोवर सांगितला होता. "ही मांजराला लावली असती तर रविवार उजाडायची गरज पडली नसती," म्हणाल्या.

संध्याकाळी सूरज ड्युटीवरून आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं कॉटखाली वाकून बघितलं आणि गाठोड्याला काठीनं ढोसलं.

"मग सोप्पं हाय. गपचूप उकळून टाक. धुतलंय का न्हाय, कुणाला कळतंय? साबणाचा वास आला तर म्हण, ट्रंकेचा हाय."

"मला कळतंय की."

"मग परत दे तसंच. डोळं दिसत न्हाईत म्हणून सांग."

"आणि त्या पोरीच्या घरात सोडू पिसवा? शाळेतनं आली की तिचं पाय फोडायला?"

"आई, पाटलाच्या दारात जाऊन तू सांगणार, तुमच्या आईच्या लुगड्यात पिसवा हायत म्हणून? तू? आपल्या गल्लीतनं? काय म्हणतील त्ये, म्हाईत हाय न्हवं?"

"म्हाईत हाय."

"बरं," सूरज म्हणाला. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "गाठोडं ह्या घरातनं गेलं, नायतर उकळून निघालं, तर मांजर राहील. शिवानी येऊस्तोवर बघू. पण गाठोडं तसंच राहिलं तर रविवार म्हणजे रविवार."

शुक्रवारी आक्काताई गाठोडं प्लॅस्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून पाटलांच्या बंगल्यावर गेल्या. ओसरीवर रूपालीचा भाऊ अमरसिंह पेपर वाचत बसला होता. आक्काताईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. आडपडदा नाही, माफी नाही.

अमरसिंहनं पेपर खाली ठेवला. "पाटलांच्या घरात पिसवा? ओ आक्का, तुमच्या तिकडच्या असतील त्या. तुमच्याकडं सहा महिने पडलंय ते गाठोडं."

जे ऐकायला लागणार म्हणून त्या रात्रभर जाग्या राहिल्या होत्या, तेच. शब्दसुद्धा बदलला नव्हता. पण गंमत अशी झाली, की ते ऐकून आक्काताईंना राग येण्याऐवजी दवाखान्यातली ती पोरगी आठवली, तोंड उघडं टाकून उभी राहिलेली. आपणही तिला असंच, ऐकून न घेता झोडपलं होतं.

"माझ्याकडं वाढल्या," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? माझ्या मांजराच्या रक्तावर वाढल्या. पण आल्या ह्यातनं. म्हणून विचारायला आलोय, उकळू का? न्हाय म्हणालासा तर हे पोतं हितं ठेवतो आणि जातो. पण उघडू नगासा."

रूपाली आतून आली होती. ती भावाकडं बघत होती.

"दादा, आईच्या पायाला काय असायचं, आठव."

"काय?"

"शेवटचं वर्षभर मी तिच्या घोट्यांना मलम चोळत होते. डॉक्टर म्हणाले साखरेमुळं आहे. आणि ती रोज त्या भटक्या मांजरीला पांघरुणात घेऊन झोपायची. तू ओरडायचास, म्हणून चोरून घ्यायची."

अमरसिंहनं खाली ठेवलेल्या पेपरची उगाच घडी घातली.

रूपालीनं पोत्याची दोरी सोडली. आक्काताई "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं आत तोंड घातलं आणि एक मोठा श्वास घेतला. बराच वेळ तशीच राहिली. मग दोरी स्वतःच आवळून बांधली.

"न्या आक्का. उकळा. आधी सांगायला आलात, ते लई बरं केलंत."

शनिवारी परसात चूल पेटली. बाळासोंनी हंडा दिला, लाकडं दिली आणि बसून सूचनाही दिल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत. सोडा घालून लुगडी तीन पाण्यांत उकळली. कॉट उन्हात काढली, ट्रंक घासली, भिंतीची फट न फट कढत पाण्यानं धुतली. सूरजनं बादल्या भरभरून आणून दिल्या. कंडक्टरकीच्या आवाजात तो पिसवांनासुद्धा पुढं सरका म्हणत होता. रविवारी तो घरातच झोपला.

पिठल्या लगेच बरा झाला नाही. मे महिना खाजवतच गेला, पण खपल्या सुकायला लागल्या. दर महिन्याला मानेवर थेंब, दर शनिवारी फणी आणि पांढरा कागद. जूनमध्ये कागदावर काळं काही पडलं नाही. जुलैत मानेवर केसांची लव आली, मऊ, नव्या टॉवेलसारखी. रूपालीची वाकळ शिवून झाली. ती पैसे द्यायला आली तेव्हा अमरसिंह गाडीत बसून होता. खाली उतरला नाही. काच मात्र खाली करून म्हणाला, "आक्का, बरं हाय न्हवं?" त्याच्या मानानं ते बरंच होतं.

ऑगस्टमध्ये शिवानी मुलगी घेऊन आली. पाळणा आतल्या खोलीत लागला. पहिले आठ दिवस शिवानी रोज स्वतःचे घोटे तपासायची, मग लेकीचे. नवव्या दिवशी पिठल्या पाळण्याखाली येऊन बसला. सूरज उठला.

"राहू दे की," शिवानी म्हणाली. "कॉटवर आणि पाळण्यात नको, खाली बसू दे. त्याचं अंग आता माझ्या अंगापेक्षा स्वच्छ हाय. आत्तींनी फणी तुमच्या डोक्यातनं कधी फिरवली हुती का एवढी?"

सूरजनं डोक्यावरून हात फिरवला आणि खाली बसला. मांजराचा विषय त्या घरात तिथं संपला.

दुसऱ्या दिवशी आक्काताई दवाखान्यात गेल्या. टोपली नाही, मांजर नाही. गर्दी सरेपर्यंत बाहेर थांबल्या. डॉ. स्नेहल हात धुत होत्या.

"काय मावशी, पिठल्या कसा आहे?"

"चांगला हाय. डॉक्टर, मी त्या दिवशी तुमास्नी नको ते बोललो. त्याची माफी मागायची ती मागतोच. पण आलोय दुसऱ्यासाठी. एवढं ऐकून घेऊन तुम्ही परत माझ्या दारात आलासा. आजपातूर असं कुणी आलं न्हवतं. शिव्या दिल्यावर माणसं जातात, येत न्हाईत. तुम्ही आलासा म्हणून माझं मांजर हाय, आणि घरात नात हाय, आणि दोन्ही एका खोलीत हायत. हे तुमच्या तोंडावर सांगायचं हुतं."

डॉक्टरांचे हात नळाखालीच राहिले. पाणी वाहत होतं.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी रडले," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी गोठा. पिसवा, गोचीड, जळवा, सगळ्यांत वाढले. मला तो शब्द म्हणजे नुसता किडा. तुम्हाला का लागला ते मला दोन दिवस कळेना. कळलं तेव्हा मोजे घातले आणि आले."

"केसपेपरवरचा पत्ता वाचला हुता का, तवा? खरं सांगा."

"बोलले तेव्हा नव्हता वाचला. तुमच्या घरी यायचं म्हणून नंतर वाचला."

"आणि आधीच वाचला असता तर?"

डॉक्टरांनी नळ बंद केला. विचार करून, उगाच गोड न बोलता सांगितलं, "पिसवा असंच म्हणाले असते. पण म्हणायच्या आधी तुम्हाला खुर्ची दिली असती."

"मग आता द्या की," आक्काताई म्हणाल्या. "चार महिने उशीर झालाय. आणि चा सांगा, दोघींचा. पैसं मी देतो."